सहावा रकाना

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. घरातले सगळे कागद आजवर दुसऱ्या कोणीतरी लिहून दिले आणि आमच्यापैकी कोणीतरी खाली सही केली, नाहीतर अंगठा उठवला. अशा घरातल्या मुलाने स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहावीत, हे मला जरा आगाऊपणाचं वाटतं. शिवाय ज्या बाईंबद्दल लिहायचं आहे, त्यांना मी विचारलेलं नाही. त्यांच्या दारात जाऊन विचारायची हिंमत असती, तर हे लिहायची गरजच पडली नसती.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका चाळीत राहतो. बाबा कारखान्यात शिफ्टने जातात. आई मी बारावीत असताना गेली. त्यानंतर घर चाललं ते वहिनीमुळे. दादा गॅरेजमध्ये कामाला होता आणि त्याने आमच्या समाजाबाहेरची मुलगी केली होती. तिच्या घरच्यांनी लग्नाच्या दिवसापासून संबंध तोडले. तिचं माहेर रेल्वेने चार स्टेशनांवर होतं आणि तरीही नव्हतं. मी कॉलेजला उल्हासनगरला जायचो, संध्याकाळी परत यायचो आणि दिवसभरात वर्गात काय झालं हे वहिनीला सांगायचो. तिला त्यातलं सगळं कळायचं असं नाही, पण ती भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, "मग त्या सर काय म्हणाले?" सरांना 'त्या सर' म्हणण्याची तिची सवय मला आवडायची. कॉलेजात मला मित्र नव्हते. माझ्या दिवसातलं बोलणं बहुतेक तिच्याशीच व्हायचं.

ताई म्हणजे आमच्या वॉर्डाच्या माजी नगरसेविका. सगळे त्यांना ताईच म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्या आधी आशा वर्कर होत्या, घरोघरी जाऊन लसीकरणाला बायकांना बोलवायच्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाने त्यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. निकालाच्या दिवशी कार्यकर्त्यांनी पहिला हार त्यांच्या नवऱ्याला घातला. ते रिक्षा चालवतात. त्यांनी हार काढून हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, निवडून आलेली घरात आहे, मी फक्त सोडायला आलोय." चाळीत हा किस्सा अजून सांगतात.

पुढे मुदत संपली. निवडणुका काही होईनात, सगळा कारभार प्रशासकाकडे गेला. ताईंच्या दारावरच्या पाटीवर 'नगरसेविका' या शब्दाआधी जागा फार कमी होती. त्यात त्यांच्या नवऱ्याने ब्रशने बारीक अक्षरांत 'माजी' घातलं. लोक मात्र पूर्वीसारखेच येत. कोणाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात खाट हवी असे, कोणाच्या म्हातारीला व्हीलचेअर. मी त्यांच्याकडे अर्ज लिहायला जायचो. माझं अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता.

ताईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर पालिकेचा छोटा दवाखाना आहे. सकाळी उघडतो, ताप-खोकल्याच्या गोळ्या मिळतात, लहान मुलांना डोस देतात. त्याच्या मागे एक खोली आहे. भिंतींना अर्ध्यापर्यंत पांढऱ्या लाद्या, नळ, पाणी जायला मोरी. कधीकाळी ती बाळंतपणासाठीच बांधली होती. वापरली कधीच नाही. आत मोडकी कपाटं आणि लसीचे रिकामे डबे होते. ताई त्या खोलीच्या खिडकीतून आत बघत आणि दर वेळी तेच म्हणत, की सगळं आहे, फक्त दोन नर्स आणि एक टेबल पाहिजे. नाहीतर आमच्या बायकांना कळा सुरू झाल्या की रिक्षा करून दुसऱ्या शहरात जावं लागतं.

मागणी त्यांनी आधीही केली होती. आमचं शहर आणि बदलापूर, दोन्हीकडचे दवाखाने बघणाऱ्या वरच्या कार्यालयातून उत्तर आलं होतं की या भागात जन्माच्या नोंदीच जवळपास नाहीत. नोंद जिथे मूल जन्मतं तिथे होते, त्यामुळे कागदावर आमचा वॉर्ड निपुत्रिक होता. ताई हसल्या होत्या. "मग शाळेत जातात ती पोरं कुठून आली? वरून टाकली कोणी?" त्यांनी ठरवलं की घरोघरी जाऊन गरोदर बायकांची यादी करायची आणि तीच त्या कार्यालयातल्या साहेबांपुढे ठेवायची. लिहिणारा मी.

तेव्हा वहिनीला पाचवा महिना होता. तिला माहेर नाही, सासू नाही. ती खोली वेळेत उघडली तर बाळंतपण घराजवळ होणार होतं. नाहीतर तिला कुठे न्यायचं, यावर दादा आणि बाबा जेवताना गप्प बसायचे. ताईंसाठी ते वॉर्डाचं काम होतं, माझ्यासाठी घरचं. मी ते ताईंना सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत असणारच.

यादीचा फॉर्म छापायला मी कॉलेजहून येताना उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी होता, सगळ्यांना साईं म्हणणारा. त्याने माझा कागद वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साईं, ये जच्चा-बच्चा का काम तू करेगा? शादी तो हुई नहीं." दुकानातला दुसरा माणूस हसला. माझे कान गरम झाले. कागदावर पाच रकाने होते: नाव, वय, पत्ता, कितवा महिना, कितवं बाळंतपण. त्याने कॉम्प्युटरवर ते मांडले तर उजवीकडे जागा उरली. तो म्हणाला, खाली जगह अच्छी नहीं दिखती, एक और डाल दो. मी विचार केला. आमच्या समाजशास्त्राच्या मॅडम सांगायच्या की पाहणी नेमकी हवी, अर्धवट माहितीला काही अर्थ नसतो. ते आठवून मी सहावा रकाना सांगितला: 'बाळंतपण कुठे होणार?'

ताईंना विचारलं नाही. त्यांना फॉर्म दाखवला तेव्हा त्या घाईत होत्या. वरवर पाहून त्यांनी मान हलवली.

आम्ही माघात सुरुवात केली. ताई पुढे, मी मागे, हातात पॅड. ताई दारातूनच हाक मारत आणि थेट स्वयंपाकघरात जात. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून लिहीत असे. हे काम वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. पोट दिसायला लागेपर्यंत आमच्याकडे कोणी सांगत नाही. दृष्ट लागते. एका घरात सासू म्हणाली, आमच्याकडे कोणी नाही, आणि तिच्या मागे सून सात महिन्यांचं पोट घेऊन उभी. ताई सासूला म्हणाल्या, "मग ही काय कलिंगड घेऊन उभी आहे?" सून पदर तोंडावर धरून हसली. सासूही हसली आणि लिहायला सांगितलं.

एक काकू मला रोज चिडवायच्या. मी गल्लीत शिरलो की ओरडायच्या, "आला गं बाई आला, लग्नाआधी बाळंतपणं लिहिणारा." आमच्या मागच्या गल्लीत एक नवी नवरी होती, जेमतेम एकोणीस-वीसची, माहेर बदलापूर गावातलं. तिची सासू पाणी भरायला गेली होती. ती दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "दुसराच महिना आहे. सासूबाईंनी सांगू नको म्हटलंय. पण तुम्ही लिहा. खोली झाली तर बरं होईल." मी तिचं नाव लिहिलं. सहाव्या रकान्याचं विचारलं तर तिने सरळ सांगितलं, "पहिलं आहे ना. माहेरीच."

माहेरी. तो शब्द मी त्या दिवसांत किती वेळा लिहिला असेन. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडे विचारायची गोष्टच नाही. कोणाचं माहेर बदलापूर गावात, कोणाचं वांगणीला, कोणाचं त्याच्या पुढच्या खेड्यांत. तिथेही सोय होती असं नाही, पण आई होती. पहिल्यालाच नाही, दुसऱ्या बाळंतपणालाही पुष्कळ जणी जायच्या. बायका उत्साहाने गावाचं नाव सांगायच्या आणि मी गावासकट लिहायचो. मला वाटायचं, किती व्यवस्थित काम होतंय.

आमच्या घराची ओळ मी शेवटी लिहिली. वहिनी चुलीपाशी होती. मी मुद्दाम गंभीर चेहरा करून सगळे प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नावर तिने तवा खाली उतरवला.

"मला कुठलं माहेर, भावजी? इथेच लिहा. आणि अक्षर चांगलं काढा, साहेब वाचणार आहेत."

गुढीपाडव्यानंतर आम्ही यादी घेऊन त्या कार्यालयात गेलो. ताईंनी चांगली साडी नेसली होती. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला सांगितलं, चहा मागवला, यादी नीट वाचली. खरं तर इतकी नीट कोणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. त्याने पेन्सिल घेतली आणि उजवीकडच्या शेवटच्या रकान्यावरून खाली खाली सरकवत गेला. दर थोड्या वेळाने एक बारीक खूण. पाच पानांत पाच खुणा झाल्या.

"हे कोणी भरलं?"

मी म्हणालो, मी. मला वाटलं तो कौतुक करणार.

"छान भरलंय. ताई, तुमचीच यादी सांगतेय. इथे बाळंतपण करणाऱ्या पाच. बाकीच्या सगळ्या माहेरी. पाच जणींसाठी मी दोन नर्स कुठून आणू?"

ताई म्हणाल्या की सोय नाही म्हणून जातात, सोय केली तर राहतील. साहेबाने कागद उलटसुलट करून पाहिला. "तसं यात लिहिलेलं नाहीये." मग अगदी नम्रपणे यादी परत दिली. चहा तोवर आला. ताईंनी तो पूर्ण प्यायला. मी माझा तसाच ठेवला.

परत येताना ताईंचा नवरा रिक्षा चालवत होता. आम्ही मागे. फॉरेस्ट नाक्याच्या आसपास मी म्हणालो की तो रकाना माझाच होता, कोणी सांगितलं नव्हतं. ताई बाहेर बघत होत्या.

"खोटं लिहिलंस का त्यात?"

"नाही."

"मग गप बस."

उतरताना त्यांनी माझ्या हातातून यादी घेतली आणि म्हणाल्या, ही माझ्याकडे राहू दे. मी समजलो की आता माझ्याकडे काही द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहायला गेलो नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. मला कोणी बोलवायलाही आलं नाही. एकदा न गेल्यावर परत जाण्याचं कारण शोधावं लागतं, आणि मला ते सापडलं नाही.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की नाही म्हणाले. रकान्याचं सांगितलं नाही. दादा म्हणाला, बघू. आठवडाभराने त्याने मावशीला फोन केला. मावशी साताऱ्याकडे असते, आईची धाकटी बहीण. ती म्हणाली, पाठवून दे, मी काय मेले नाही. आठव्या महिन्यात, एका दुपारी, दादाच्या मालकाची जीप आली. वहिनीने घरातलं सगळं मला दाखवलं: तांदूळ कुठे, हळद कुठे, बाबांची बीपीची गोळी कुठे. मग ती जीपमध्ये बसताना म्हणाली, "ते कागदावर इथेच लिहिलंय ना, ते खोडून टाका हं भावजी." ती गंमत करत होती. मीही हसलो.

तिला मुलगी झाली. मी फोनवर बाळाचा रडण्याचा आवाज ऐकला. दादा बाळ बघायला गेला आणि तिथल्या एका गॅरेजमध्ये त्याला बरं काम लागलं. घर मावशीच्या शेजारीच मिळालं. तो म्हणाला, इथे हिला माणसं आहेत. खरंच होतं ते.

मग घरात बाबा आणि मी. त्यांची दुसरी पाळी असली की मी कॉलेजहून येईपर्यंत ते गेलेले असत आणि ते येईपर्यंत मी झोपलेला. सकाळी मी निघायचो तेव्हा ते झोपलेले. आम्ही एकमेकांची ताटं पाहायचो. घासून पालथं घातलेलं ताट म्हणजे ते जेवले. कधी ते माझ्यासाठी भाजी झाकून ठेवायचे, फार तिखट. मी ती सगळी संपवायचो, कारण ती उरली तर त्यांना वाटलं असतं की मला आवडली नाही, आणि ते विचारायला आम्ही दोघं एका वेळी जागे नसायचो. कॉलेजातलं काही सांगावंसं वाटलं तर मी ते मनातच वहिनीला सांगायचो. पुढे तेही कमी झालं.

अभ्यासाला मी दुपारनंतर दवाखान्याच्या आवारात जाऊन बसायचो. तो तेव्हा बंद असतो, शांत असतं. मागच्या खोलीच्या खिडकीला पाठ करून बसायचो. एकदा ताई भाजीच्या गाडीपाशी दिसल्या. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हात वर करायला लागल्या. मी बाजूच्या गल्लीत वळलो. ती गल्ली पुढे बंद आहे. शेवटच्या भिंतीपाशी मी कितीतरी वेळ उभा होतो. एका बाईने खिडकीतून विचारलं, कोण पाहिजे? मी म्हणालो, कोणी नाही.

दिवाळीनंतर अखेर निवडणुका लागल्या. इतक्या वर्षांनी. चाळीत रोज कोणीतरी येऊ लागलं, हात जोडून. ताईंच्या पक्षाची यादी आली आणि त्यात ताईंचं नाव नव्हतं. कोणा दुसऱ्याच बाईला तिकीट मिळालं होतं, जिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पानाच्या टपरीवर लोक काय काय बोलत. एक म्हणाला, ताई मॅनेज झाली. दुसरा म्हणाला, काम काय केलं तिने, एक खोली उघडता आली नाही. मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो. खोली का उघडली नाही हे त्या टपरीवर फक्त मला माहीत होतं. ताईंच्या नवऱ्याने दारावरची पाटी काढली. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिला. मतदानाला मी गेलो, माझं पहिलंच मत होतं. बटण कोणतं दाबलं ते आठवतं, पण त्यात मन नव्हतं. परत येताना माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली, की माझ्या रकान्यामुळे त्यांचं काम अडलं आणि काम अडलं म्हणून त्यांचं तिकीट गेलं.

हे असंच राहिलं असतं. नवीन वर्ष लागल्यावर एका सकाळी मी रेशनच्या रांगेत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ लिहिणारे." वळून पाहिलं तर मागच्या गल्लीतली ती नवी नवरी. आता तिच्या खांद्यावर बाळ होतं, तीनेक महिन्यांचं, टोपरं घातलेलं. कालच माहेराहून आली म्हणाली. मी तिला विचारलं, सगळं नीट झालं ना, आणि तिला कुठे जावं लागलं.

"कुठे म्हणजे? गावातच. आमच्या बदलापूर गावच्या दवाखान्यात."

मी म्हणालो, तिथे तर बाळंतपणाची सोय नाही.

"नव्हती. गणपतीच्या आधी झाली. दोन खाटा आहेत, नर्स आहे. चांगली आहे, ओरडते पण चांगली आहे." तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी गेले तर माझं नाव तिच्याकडे आधीच. मी म्हटलं, बाई, तुला कसं कळलं? तिने झेरॉक्स काढून दाखवली. तुमचं अक्षर. माझा महिनासुद्धा बरोबर. वांगणीच्या पोरी, आमच्या गावच्या पोरी, सगळ्यांची नावं गावासकट."

मी विचारलं की ती यादी तिकडे गेली कशी.

"ताईंनी नेऊन दिली. अजून कोण देणार? तिकडचे माजी नगरसेवक आहेत ना, ते दुसऱ्या पार्टीचे, माझ्या बाबांच्या ओळखीचे. त्यांच्या घरी गेल्या, रिक्षा करून. पाडवा झाला त्याच आठवड्यात. म्हणाल्या, बायका बाळंतपणाला तुमच्याकडेच येणारेत, माझ्याकडे तसं लिहिलेलं आहे, खोली तुम्ही मागा. त्यांनी मागितली. साहेबही तेच, यादीही तीच. मिळाली. उद्घाटनाला ताई आल्या होत्या. मागे आम्हा बायकांत बसल्या. फलकावर नाव त्या माणसाचं."

रांग पुढे सरकली. आम्हीही सरकलो. मी विचारलं, आपल्याकडची खोली?

"ती तशीच आहे की. तुम्ही तर तिथेच बसता, सासूबाई सांगत होत्या." मग ती माझ्याकडे जरा नवलाने बघू लागली. "तुम्हाला खरंच माहीत नाही? तुम्ही तर ताईंच्या मागे मागे असायचात. म्हणून तर त्यांचं तिकीट कापलं. समोरच्या पार्टीला काम करून दिलं म्हणून. बाबा सांगत होते, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं त्यांना, यादी तुम्ही दिली का. त्या हो म्हणाल्या आणि उठून घरी आल्या."